शेजाऱ्याची एरर गयाबाईंच्या पेजवर

“मॅडम, तुमची साइट खोटं बोलायली,” सेलूच्या जिनिंगचे मॅनेजर कदम फोनवर म्हणाले. कापूस कोणत्या दिवशी आणायचा ते शेतकऱ्यांना ऑनलाइन बुक करता यावं, म्हणून मी त्यांना साइट करून दिली होती.

“साइट खोटं बोलत नसते, साहेब. माहिती चुकीची भरत असतील.”

“मग तुमीच वालूरला जाऊन सांगा गयाबाईला. लय तापल्यात त्या.”

मीही तापलेच होते. परभणीहून वालूर गाठलं. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात गयाबाई ठाण मांडून बसल्या होत्या. स्क्रीनवर लाल अक्षरात: गट नंबर चुकीचा.

“माझ्या रानाचा नंबर मला येत न्हाई का, ताई? उद्या पोरीला बघायला पाव्हणे यायलेत. घरभर कापूस हाय. पाव्हणे काय गंजीवर बसवू?”

नंबर तपासला. बरोबर होता. मग दुकानवाल्या इमरानला म्हटलं, “रोज भरतोस तसं भर बरं, मी बघते.”

त्यानं रांगेतल्या सगळ्यांचे टॅब एकदम उघडले, फॉर्म भरले आणि धडाधड सबमिट दाबत गेला. “नेट हळू हाय मॅडम. एकेकाचं करत बसलो तर सांज होईल.”

मी कपाळाला हात लावला.

सबमिट केलं की सर्व्हर माहिती तपासतो आणि तुम्हाला दुसऱ्या पेजवर पाठवतो. याला रिडायरेक्ट म्हणतात. नव्या पेजला मागचं काही ठाऊक नसतं, म्हणून एररचा निरोप सेशनमध्ये, म्हणजे त्या ब्राउझरच्या सामायिक कप्प्यात ठेवतात. जे पेज आधी उघडेल ते निरोप उचलतं. टॅब वेगळे असले तरी कप्पा एकच. नंबर चुकला होता शेजारच्या बापूरावांचा. निरोप उचलला गयाबाईंच्या पेजनं.

“आणि बापूराव?” मी विचारलं.

“ते तर बुकिंग झालं म्हणून खुशीत गाडी भरायलेत,” इमरान म्हणाला. त्यांना फोन लावून थांबवलं.

गयाबाईंचं बुकिंग केव्हाच झालं होतं, आजच्याच तारखेचं. “आगं बाई!” म्हणत त्या टेम्पोवाल्याकडं पळाल्या.

कदम फोनवर म्हणाले, “एरर दाखवूच नका की.”

“मग चुकलेल्याला कळायचं कसं?”

मी प्रत्येक फॉर्मला स्वतःचं टोकन, म्हणजे वेगळा ओळखक्रमांक दिला. रिडायरेक्ट होताना ते नव्या पेजच्या पत्त्यासोबत जातं आणि त्याच टोकनचा निरोप त्या पेजवर उघडतो. वर शेतकऱ्याचं नावही दिसतं.

संध्याकाळपर्यंत गयाबाईंचं घर रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी पाहुणे सतरंजीवर ऐसपैस बसले, पोरगी पसंत करून गेले. पेढे मात्र इमरानला मिळाले. मला फक्त फोन आला.

तेव्हापासून टेस्टिंगला मी ढीगभर टॅब उघडूनच बसते. आपल्याकडं कामाला एकटं कुणी येतं का?