राहीची पाटी

अठरा सालच्या मानमोडी तापाच्या साथीत गंगारामाच्या घरातली तीन माणसं आठवड्याभरात गेली. बायको आणि दोन मुलगे. उरली तीन वर्षांची राही. साथ सरली तेव्हा गावच्या शाळेच्या पटावरची निम्मी नावं खोडलेली होती. पुढे अस्पृश्यांची मुलंही शाळेत घ्या असा सरकारचा हुकूम आला, पटही भरायचा होता, म्हणून महारवाड्यातल्या राहीचं नाव घातलं. केवढं हे गावाचं औदार्य! नाव पटावर आणि पोरगी बाहेर पडवीत.

गंगारामाला तेवढ्यानेही आभाळ ठेंगणं झालं. चौथी पास झाली की राही पुढे शिकेल, मास्तरीण होईल, असं तो खाणीवर चिरे फोडताना भेटेल त्याला सांगायचा. राहीला मात्र रोज एकच ताकीद होती, "कायपन होवंदे, मास्तरांसमोर तोंड उघडू नको. नायतर नाव काडतील."

मास्तर तिची पाटी लांबूनच बघायचे. हातात घ्यायची वेळ आलीच, तर उंबऱ्यावर ठेवायला लावायचे, वर पाणी टाकायचे आणि मगच उचलायचे.

सव्वीस साली डिप्टीसाहेब चौथीची परीक्षा घ्यायला आले. पाट्या त्यांच्या टेबलावर द्यायच्या होत्या. राहीने पाचही गणितं सोडवली आणि पाटी उंबऱ्यावर ठेवली. साहेब चहा पीत होते. मास्तरांनी सवयीने तांब्या कलंडवला आणि सगळी गणितं पाण्याबरोबर पडवीत उतरली.

"हिने काहीच लिहिलं नाही?" साहेबांनी विचारलं.

"लक्षच नसतं, साहेब," मास्तर म्हणाले. लाज नावाची चीज त्यांनी कधीच खुंटीला टांगली होती. राही खाली मान घालून गप्प उभी राहिली.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'शाळेत सर्व जातींची मुले एकत्र शिकतात.' गंगाराम शाळेच्या दगडी गडग्यापलीकडे वाट बघत होता. नापास म्हटल्यावर त्याने भर रस्त्यात पोरीच्या दोन थोबाडीत दिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तिला खाणीवर नेलं.

दहा वर्षं राहीने चिरे वाहिले. गंगाराम छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, तरी त्याच्या मनातली सल काही जाईना. एका दुपारी तो म्हणाला, "येक तरी गनित लिवायचं व्हतंस गो."

"पाचय लिवलीवती, बा. मास्तरांनी पाटीवर पानी वतलानी."

गंगाराम धडपडत उठून बसला. "मग तवा बोललीस का नाय?"

"तूच सांगितलंवतंस ना, तोंड उघडू नको म्हनून."

पुढे चार दिवस तो जगला. तिच्याशी बोलायला त्याला तोंड राहिलं नव्हतं.