राखीचा फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. सांगितलं असतं तर तिनं मला पुन्हा पान वाढलं असतं का? माहीत नाही.

नारायणगावच्या पुढं भाज्या पॅक करून परदेशी पाठवणारी एक कंपनी होती. मी तिथला जनसंपर्क अधिकारी. नाव मोठं, काम हलकं — साहेब जिथं घाण करतील तिथं अत्तर शिंपडायचं. मोबाइल नुकते आले होते. माझ्या पट्ट्याला एक लटकलेला असायचा, आणि त्याचा तोरा केवढा!

पॅकिंगला सुनंदा होती. माहेर डिंभ्याकडचं, लग्नाला दोनच वर्षं झालेली. तिनं मॅनेजरवर केस केली — कोल्ड स्टोरेजमध्ये बोलावून अंगचटीला येतो म्हणून. कंपनी हादरली. सुनंदासाठी नव्हे हो, परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी! मालक मला म्हणाले, "काहीतरी करा." आणि मला लगेच सुचलं. आमच्याकडं रक्षाबंधनाला बायका रांगेनं मॅनेजरला राखी बांधायच्या, मग पेढे. आदल्या वर्षीचा फोटो माझ्या कपाटात होता. सुनंदा राखी बांधतेय, आणि तो दात काढून हसतोय.

फोटो मी चार वार्ताहरांना दिला. एका मटणाच्या जेवणावर खूश होणारी माणसं — माझी प्रेसनोट त्यांनी जशीच्या तशी छापली. कंपनीच्या वकिलानं तोच फोटो जुन्नरच्या कोर्टात पुरावा म्हणून लावला.

तुम्ही म्हणाल, नोकरीच होती ती. नाही — थांबा. खरं अजून सांगितलंच नाही.

ती राखी मीच तिला बांधायला लावली होती. त्या रक्षाबंधनाच्या आधी ती माझ्याकडंच आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "भाऊ, सायेब नीट वागत न्हाईत. तुमी सांगा ना त्यान्ला."

मी सांगणार? त्याची गाडी दिसली की खुर्चीतून उठणारा मी! म्हटलं, "आसं कर, राखी बांध त्यांना. एकदा बहीण मानल्यावर कोण हात लावतंय?" तिनं ते खरं मानलं. तिच्या गावात राखी बांधलेल्या माणसाला भाऊच समजतात. त्या मॅनेजरला त्याचं काय? आणि मला हे ठाऊक नव्हतं का? होतं.

कोर्टात तिनं हे सगळं सांगितलं. मला विचारलं. "असं बोलणं झालंच नाही," मी शपथेवर म्हणालो. आवाजसुद्धा कापला नाही. नंतर व्हरांड्यात तिनं मला गाठलं. "भाऊ, तुमीच सांगितलं व्हतं ना?" मी मोबाइल कानाला लावला. फोन आलेलाच नव्हता — इतका मी हलकट.

केस ती हरली. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं, पुन्हा नेलं नाही. तिकडं तिला अजून 'भावावर आळ घेणारी' म्हणतात. लोकांना वाटतं, गावानंच हे नाव पाडलं. गावानं नाही. माझ्या प्रेसनोटचा मथळा होता तो.