केसांतला कापूस

शाळेच्या स्नेहसंमेलनात नातीने काल वेडी राणी केली. घरी आल्यावर तिच्या गालांवरचा रंग मी खोबरेल तेलाने पुसू लागले आणि तेलात विरघळणाऱ्या त्या रंगाच्या वासाने मला बाभुळगावच्या एका दुपारी नेऊन सोडले.

त्या दुपारी मीही शाळेच्या नाटकात वेडी झाले होते. मोकळ्या केसांत कापसाचे पुंजके खोचून मी हसले, किंचाळले, नाटकातल्या पाटलाला तोंडावर खोटारडा म्हणाले. मैदान टाळ्यांनी दणाणले. ते हसू आणि ते पुंजके मात्र मी आत्याकडून चोरले होते. आत्या मोठमोठ्याने बोलू लागली की घरचे तिला कापूस भरलेल्या खोलीत कोंडत, आणि ती बाहेर येई तेव्हा तिच्या केसांत कापूस अडकलेला असे. त्या दिवशी ती शांत होती, म्हणून आईने तिला नाटकाला आणले होते.

घरी आल्यावर आत्याच माझा चेहरा पुसायला बसली. तिने ओळखले असेल, या धास्तीने मी डोळे मिटून घेतले. ती हलक्या हाताने केसांतला कापूस वेचत राहिली.

"लय मस्त केलं, बाई. अगदी माह्यासारखं," ती म्हणाली. मग हात थांबले. "तुले लोकायनं टाळ्या वाजवल्या. मी बोलली त दार काहून लावता?"

रंगमंचावरचे वेड आपण गिळलेले सारे बोलून टाकते, आणि पडदा पडल्यावर आपल्या घरी राहायला येत नाही. म्हणूनच ते इतके मोहवते, हे मला आज कळते.

त्या संध्याकाळी आत्या पुन्हा मोठ्याने बोलू लागली. आई कामात होती.

कडी मी लावली.