हिरव्या खिडक्या

शेजारून ऑइलपेंटचा वास येतोय, आणि मुलांनो, मला पिपलानीच्या सरकारी वसाहतीतलं आमचं क्वार्टर आठवतंय. भीतीने महिनाभर स्कूटरला हात न लावलेले तुमचे आजोबा त्या सकाळी शीळ घालत खिडक्या हिरव्या रंगवत होते. मी हौसेने स्टूल धरलं होतं.

"भाईसाब, क्वार्टर सरकारी है, महल मत बनाइए!" शेजारचे मिश्राजी ओरडले.

"आप भी खिड़की ले आइए, रंग देता हूँ!" आजोबा म्हणाले. आम्ही खूप हसलो.

आठवड्याने ते भिंतीकडे तोंड करून पडले, ते उठेचनात. शेवटची खिडकी अर्धीच राहिली. डॉक्टर म्हणाले, बायपोलर आहे, जोडीला अँग्झायटी; स्कूटरची भीती त्यातलीच. ती हसरी सकाळही आजाराचीच.

गोळ्या मी कधी चुकू दिल्या नाहीत. ते सावरले, स्कूटरवरून कामावर जाऊ लागले. शीळ मात्र पुन्हा कधी ऐकू आली नाही.