सुलभामावशींचा अंगठा

परळच्या आमच्या ऑफिस बिल्डिंगला दोन गेटं आहेत. पुढच्या गेटने साहेब लोक येतात आणि मागच्या गेटने किस्से! मी मागच्या गेटवर सिक्युरिटीला आहे. मला फारसं बोलता येत नाही, त्यामुळे लोकच बोलतात आणि माझ्याकडे साठत जातं. आता जागा उरली नाही, म्हणून थोडं तुमच्याकडे ठेवतो.

माझ्या खुर्चीशेजारी हजेरीचं थंब मशीन आहे. अंगठा लागला की हिरवा दिवा आणि आतली बाई म्हणते, "थँक यू!" नाही लागला की लाल दिवा आणि "प्लीज ट्राय अगेन!"

हाउसकीपिंगला नव्या लागलेल्या सुलभामावशींना ती बाई रोज "ट्राय अगेन"च म्हणायची. मावशी लालबागच्या चाळीतल्या, मूळ मालवणकडच्या. त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे काकांची, कंपनी बंद पडली आणि मावशींनी पन्नाशीला आयुष्यातली पहिली नोकरी धरली. फॉर्मवर "अनुभव" विचारला होता, तिथे त्यांनी मला लिहायला लावलं, "नाही."

मी त्यांचं नाव वहीत लिहायचो. पण सुपरवायझर शिंदे मॅडमनी सांगितलं, "वही हेड ऑफिसला चालत नाही. महिनाअखेरपर्यंत थंब लागला नाही, तर मावशींना ठेवता येणार नाही."

*

आमचे तांबेकाका लिफ्टवर असतात. त्यांचे वडील याच जागेवरच्या गिरणीत साच्यावर कापड विणायचे. वरच्या ऑफिसातल्या एका पोराने विचारलं, "काका, वाईट नाही वाटत? गिरणी गेली, काचेची बिल्डिंग आली."

काका म्हणाले, "बाबा इथे आठ तास उभे असायचे. मी स्टुलावर बसतो. मुलगी बँकेत फिरत्या खुर्चीत बसते. आमच्या घराण्याची प्रगती बसण्यात आहे!"

*

सागर बी.कॉम. झालेला, पण बाइकवरून पार्सलं पोचवायचा. एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून आला, पाठीवर बॅग नाही. मी विचारलं, "आज पार्सल कुणाचं?"

"माझंच! तिसऱ्या मजल्यावर इंटरव्ह्यू आहे रे."

लागला की तिथेच! पण पहिल्या दिवशी पुन्हा मागच्या गेटवर हजर. म्हटलं, "सागर, आता तू पुढून जायचं."

"गेलो होतो. पुढचा सिक्युरिटीवाला म्हणाला, पार्सल मागून!"

*

मावशींचा पँट्रीतला पहिला आठवडा. घरून काथ्या घेऊन आल्या आणि तिथला नॉनस्टिक तवा अर्धा तास घासला. चांदीसारखा लखलखीत! शिंदे मॅडम बघतच राहिल्या.

मावशी म्हणाल्या, "काळो ठिक्कर पडलो होतो मेलो. इतक्या दिवसांत कोणी हात लावलेला दिसत नाही!"

*

मावशी कामावर, म्हणून डबा त्यांच्या घरचे काका करायला लागले. पहिल्या दिवशी मावशींनी झाकण उघडलं. वरच्या कप्प्यात भात, खालच्या कप्प्यात भात.

मी हळूच विचारलं, "मावशी, आमटी?"

"उद्या शिकणार आहेत."

खरंच शिकले. आता त्यांची सोलकढी तिसऱ्या मजल्यापर्यंत गाजते. सागर ती पुढच्या गेटने नेतो!

*

दुपारी तांबेकाका पेपर मोठ्याने वाचतात. एकदा म्हणाले, "ऐका! राज्यात नोकरी करणाऱ्या बायका वाढल्यात म्हणे."

मावशी मशीनवर अंगठा दाबत होत्या. लाल दिवा. "ट्राय अगेन!"

"ह्या बाईला सांगा कोणीतरी," मावशी म्हणाल्या, "अजून एक वाढायची थांबली आहे!"

सगळे हसले. पण महिना संपायला चार दिवस उरले होते. त्या संध्याकाळी मी मशीनच्या कंपनीला फोन लावला. काय बोलायचं ते आधी वहीत लिहून घेतलं होतं.

*

माझी शाळा नववीत सुटली. मावशींनी मागे लागून मला बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला पाठवलं. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "शाळा का सोडलीस असं विचारलं तर काय सांगू?"

"सांग रे झिला, परत यायचं होतं म्हणून!"

शाळेतल्या बाईंनी खरंच विचारलं. मी खरंच तेच सांगितलं. त्या हसल्या आणि पेन माझ्या हातात दिलं.

*

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मशीनचा माणूस आला. काच पुसली, मावशींचा अंगठा पुसला, पावडर लावली. लाल दिवा. दुसरा अंगठा. लाल दिवा. मग त्याने मोबाइलचा टॉर्च लावून मावशींची बोटं एकेक करून बघितली. शिंदे मॅडम, तांबेकाका, मी, सगळे भोवती उभे.

"रेषाच राहिल्या नाहीत," तो म्हणाला. "मावशी, इतकी वर्षं कुठल्या कारखान्यात होता?"

"कारखान्यात कशाला? मी घरीच होते."

त्याने मावशींचा हात हातात घेतला. एकेक बोट लावत गेला. आठ बोटं झाली, नऊ झाली. शिंदे मॅडम खाली बघायला लागल्या. शेवटी डाव्या हाताची करंगळी उरली.

हिरवा दिवा!

"थँक यू!" मशीन म्हणालं.

मावशी दचकल्या. पुन्हा करंगळी टेकवली. पुन्हा, "थँक यू!"

मावशींनी पदराने मशीनची काच पुसली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे म्हणायला शिकव रे जरा आमच्या ह्यांना!"