अर्धी बशी चहा

इथे परदेशात, डेव्हन रस्त्यावरच्या देशी मिठाईच्या दुकानात तो रोज चारला येतो आणि चहासोबत एक गोळी सगळ्यांना दाखवून गिळतो. मी चौथी नापास, म्हणून मला ‘मास्तर’ म्हणतो. शेजारी कुणी नवा बसला की त्याला आधी आपली कथा ऐकवतो. तरुणपणी मुंबईत हा प्लाझ्मा विकायचा. रक्त काढून त्यातलं पिवळं पाणी ठेवून घ्यायचे आणि लाल परत अंगात सोडायचे. नळ्या सगळ्यांना त्याच. “त्यातून एचआयव्ही फुकट मिळाला,” म्हणतो. “डॉक्टरनं दोन वर्षं दिली होती. बिचारा स्वतःच गेला, मी गोळ्या खात बसलोय!” मग आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून समोर सरकवतो आणि बघत राहतो.

पहिल्या दिवशी मी बशी परत सरकवली. “मला शुगर आहे,” म्हटलं. कसली शुगर! भ्यालो होतो. चहानं काही होत नाही, हे नातीनं घरी सांगितलं, पण चूक कबूल करायची मला सवय नाही. त्यानंही पुन्हा बशी पुढे केली नाही.

परवा कप फुटून त्याचं बोट कापलं. मी रुमाल घेऊन धावलो, तर ओरडला, “मास्तर, हात लावायचा नाही!” यमाची टिंगल करणारा हा माणूस, पण दातानं पट्टी स्वतःच आवळली आणि टेबल दोनदा पुसलं. मग दुसरा चहा मागवून दोन घोट घेतले.

मी त्याचा कप ओढला, अर्धा चहा बशीत ओतला आणि फुर्रकन प्यायलो.

“अहो, तुम्हाला शुगर ना?”

“आज नाही,” मी म्हटलं.