माझ्या जागी ती

पाचवीत असताना माझे गुडघे सुजले. आधी एक, तो ओसरला तोवर दुसरा, मग मनगट. ताप होताच. खेळताना पडले असेन म्हणून आईने आधी हळदीचा लेप लावला. डॉक्टरांनी मात्र छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि वडिलांना बाहेर बोलावलं. सांध्यांचा ताप होता आणि तो हृदयापर्यंत पोचला होता. झडपेला सूज आली होती. शाळा बंद, जिना बंद, धावणं तर बंदच. अंथरुणावर पडून राहायचं. किती महिने, ते डॉक्टरही सांगेनात.

आम्ही तेव्हा शहरात द्वारका चौकाजवळच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो. शाळेच्या खो-खोच्या संघात मी पहिल्या तुकडीत पळायचे. माझी मैत्रीणही संघात होती, पण राखीव, आणि तीही माझ्या हट्टामुळे. ती घोटीकडच्या खेड्यातून आलेली. आई लहानपणीच गेलेली, वडील ट्रकवर, म्हणून आत्याकडे राहायची. ती ‘लय’ म्हणाली की वर्गातल्या मुली हसायच्या. मी हसायचे नाही. एवढ्यावर आमची मैत्री जमली होती.

मी अंथरूण धरलं आणि बाईंनी तिला माझ्या जागी घेतलं.

रोज संध्याकाळी मैदानावरून ती थेट आमच्याकडे यायची. पाय धुळीने माखलेले, केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद.

“अगं, आज लय मजा आली. मी खांबाला वळसा घातला ना, ती मोठी मुलगी सरळ पुढेच गेली! बाई म्हणाल्या, असंच पळायचं.”

ते वळण मी तिला शिकवलं होतं, आमच्याच मागच्या अंगणात. तिला ते जमत नव्हतं तेव्हा मीच म्हणायचे, जमेल गं. आता जमलं होतं, आणि मला ते ऐकवत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करायचे. तिला वाटायचं, मी दमले. ती आवाज बारीक करून सांगत राहायची.

पण खेळाचं एक वेळ सोसलं असतं. मला सोसेना ते स्वयंपाकघरातलं.

मला अळणी जेवण होतं आणि ते घशाखाली उतरत नसे. आई ताट तसंच उचलून न्यायची. मग मैत्रिणीला आत बोलवायची. गरम पोळी, तूप, गूळ. ती मांडी घालून बसायची आणि मनापासून जेवायची.

“बघ गं, कशी जेवते पोर!” आई मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. “काकू, अजून अर्धी,” असं ती म्हणाली की आई हसायची. त्या दिवसांत आई माझ्याजवळ बसून कधी हसल्याचं मला आठवत नाही. माझ्याजवळ ती कपाळाला हात लावून ताप बघायची.

पडून पडून गुंता होतो म्हणून माझे केस कापले होते. एका संध्याकाळी मैत्रीण आतून बाहेर आली ती दोन घट्ट वेण्या घालून. वेण्यांना माझ्या निळ्या रिबिनी होत्या.

“काकूंनी घातल्या,” ती म्हणाली. “छान दिसतात ना?”

“छान,” मी म्हणाले आणि पांघरूण डोक्यावरून ओढलं.

त्यानंतरच्या रविवारी आई भाजीला गेली होती. मैत्रीण माझ्याजवळ बसली होती. मी उठले आणि चपला घातल्या.

“चल, चिंचेपर्यंत शर्यत लावू.”

“वेडी आहेस का? तुला पळायचं नाहीये.”

“घाबरलीस. माझ्यापुढे तू हरशील.”

“हो, हरेन. हरले. बस खाली.”

तिने असं सहज हरून टाकलं ते मला जास्तच झोंबलं. मी दार उघडून पळत सुटले. अर्ध्या अंगणात पाय कापायला लागले, छातीत कुणी दार बडवावं तसं धडधडायला लागलं. तिने मागून येऊन मला कमरेला मिठी मारली आणि जमिनीवर बसवलं. ती रडत होती. “गप बस, हलू नको,” एवढंच म्हणत होती.

आईला सांगू नकोस, अशी मी तिला शपथ घातली. तिने ती मोडली. आई फाटकातून आत येते न येते तोच धावत जाऊन सगळं सांगितलं. आईने मला काही म्हटलं नाही. तिला मात्र पोटाशी धरलं. “तू होतीस म्हणून,” म्हणाली.

मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती यायची थांबली नाही. माझ्या खोलीच्या दारात क्षणभर उभी राहायची, मग आत आईकडे जायची. भांड्यांचा आवाज आणि त्या दोघींचं बोलणं मला पडल्या पडल्या ऐकू यायचं. पुढच्या वर्षी मी शाळेत जायला लागले तेव्हा माझं दप्तर तिनेच उचललं, न विचारता. बोलणंही तसंच, न ठरवता, परत सुरू झालं. मी मैदानाच्या कडेला बसून तिला पळताना बघायचे. ती माझ्यापेक्षा चांगली पळत होती.

एकोणीसशे ऐंशीनंतर कधीतरी माझी झडप फारच आखडली आणि मुंबईला ऑपरेशन झालं. मी घरी आले तेव्हा ती घोटीहून भेटायला आली. तिथल्या शाळेत ती खेळ शिकवत होती. आई शेजारी गेली होती. मैत्रीण माझ्या पायांशी बसली आणि बराच वेळ चादरीची घडी सारखी करत राहिली.

“एक सांगू? तेव्हा मला वाटायचं, तू इतक्यात बरी होऊ नयेस.”

मला आधी नीट कळलंच नाही.

“तू बरी झालीस की काकू मला कशाला बोलावतील? तुझी भूक परत आली की माझं तिथे काय काम? रात्री मी देवाला सांगायचे, तिला काही होऊ देऊ नको, पण अजून थोडे दिवस राहू दे असंच.” ती थांबली. “तुझ्यावर मी लय जळायचे. अंथरुणात पडलेल्या तुझ्यावर.”

“आणि मी पळाले तेव्हा?”

“तेव्हा काही सुचलंच नाही. तू मरशील असं वाटलं फक्त.”

छातीवरच्या टाक्यांना खाज सुटली होती, तिथे हात ठेवून बसले.

“राग आला?” तिने विचारलं.

“आलाय,” मी म्हणाले.

“येऊ दे,” ती म्हणाली, आणि उशी सरळ करून माझ्या पाठीमागे लावली. शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत ती तिथून उठली नाही.